साबणाच्या डबीतला दुभाष्या

प्रिय शंकासुरा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी ते उलटंसुलटं केलं असशील, उजेडात धरलं असशील, शिक्का वाचला असशील आणि मगच फोडलं असशील. नऊ वर्षांत माणूस बदलतो म्हणतात, पण तुझ्यातला एवढा भाग बदलला असेल यावर माझा विश्वास नाही. फोडताना पाकिटातून तारेचा एक तुकडा पडला असेल, बोटाच्या पेराएवढा. कचरा समजून फेकू नकोस, समोरच्या बशीत ठेव. त्याचं काय ते पुढे येईल. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस, तुझी ती खोड मला पाठ आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर समोरचा आवाज ऐकू आला की मी गोडबोल्या होतो. गिऱ्हाईक असो की यम, त्याला खूश करून पाठवायची चाळीस वर्षांची सवय आहे. कागदाला खूश करता येत नाही, म्हणून कागद.

दुकान अजून धक्क्याच्या टोकालाच आहे. दाराचं बिजागर तसंच कुरकुरतं. तेल घालायचं तूच ठरवलं होतंस, म्हणून मी घातलं नाही. तुझं स्टूल खिडकीशी आहे, त्यावर कुणाला बसू देत नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, पाय मोडका आहे, पडाल. तुझ्या ऑसिलोस्कोपवर, तारेतली वीज डोळ्यांना दाखवणाऱ्या त्या यंत्रावर, आमच्या हिनं जुन्या पडद्याचं झाकण शिवून घातलंय, सोमवारी मी ते काढतो, धूळ पुसतो, परत घालतो. चालू करत नाही. हिनं एकदा विचारलं, देव्हारा आहे का तो? मी म्हटलं, देव रुसलाय, नुसता देव्हारा आहे. ती हसली नाही. तिच्या मनात तुझ्याबद्दल अढी होती, ती का होती तेही पुढे येईलच.

काम पुष्कळ आहे. लोक आता घरच्या घरी बोटी बांधतात, आणि बोटीतली यंत्रंही. गेल्या महिन्यात एक निवृत्त हेडमास्तर आले. गॅरेजमध्ये सहा वर्षं खपून त्यांनी बोट बांधलीय. वारा मोजायचं यंत्र स्वतः केलेलं, साउंडर, म्हणजे पाण्याची खोली सांगणारं यंत्र, कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या बोटीतलं, आणि दिशा दाखवणारं तिसऱ्याच कंपनीचं. मला म्हणाले, तिघं एकाच खोलीत बसून एकमेकांशी बोलत नाहीत हो, अगदी आमच्या शिक्षकखोलीसारखं. मी त्यांना तुझंच भाषण ऐकवलं, तुझ्याच सुरात. म्हटलं, मास्तर, तिघांची भाषा एकच आहे, बोलायची तऱ्हा वेगळी. हा तुमचा घरचा गडी पाच व्होल्टांत कुजबुजतो. तो दुसरा अधिक-उणे बारा व्होल्टांत ओरडतो, आणि त्याचा होकार म्हणजे याचा नकार. तिसरा एका तारेवर बोलतच नाही, त्याला दोन लागतात, एक वर गेली की दुसरी खाली. याला एक दुभाष्या लागतो. मास्तर म्हणाले, तुम्ही इंजिनिअर का? मी म्हटलं, नाही, इंजिनिअर बाहेरगावी असतात. तोंडातून गेलं खरं, आणि मग ते गेल्यावर मी बराच वेळ तुझ्या स्टुलाकडे बघत बसलो.

खरं तर मी कोण होतो? बोटींची बुडं खरवडणारा पोऱ्या. शिंपले काढता काढता कान तेवढा तयार झाला. कुठल्या इंजिनाला खोकला झालाय, कुठला पंप उपाशी फिरतोय, हे मला धक्क्यावरून कळायचं. तू डिप्लोमाची सुरळी आणि तो स्कोप घेऊन आलास, आणि पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर म्हणालास, कानाला काय पुरावा? लोकांनी मला कानसेन म्हणायला सुरुवात केली होती, तुझं शंकासुर हे बारसं मीच केलं. तुझा डोळा आणि माझा कान, दुकान चाललं ते त्यावर. जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर मोडून मी ऐकायचं साधन केलं होतं, आठवतं? दोन चिमटे तारांना लावायचे, रिसीव्हर कानाला. दर सेकंदाला टर्र, की समजायचं साउंडर बोलतोय. टर्र-टर्र-टर्र असं लांबलं, तर दिशेचं यंत्र. तू स्कोप गरम होईपर्यंत मी निकाल सांगून मोकळा. तू तरीही बघायचासच. बघून म्हणायचास, बरोबर आहे, पण बघितलं म्हणून बरोबर आहे. किती डोकं खायचास! आता दुपारी दुकानात कुणी नसलं की मी तुझी बाजू घेऊन स्वतःशीच भांडतो. पण मजा येत नाही रे, मी लवकर ऐकतो.

आपली बोट. चार वर्षांचे रविवार. मागच्या शेडमध्ये फळी फळी जोडत गेलो. यंत्रं ठेवायची कपाटाएवढी खोली करायची की झोपायला जागा, यावर तू आणि मी सव्वा महिना अबोला धरला होता, आणि त्या सव्वा महिन्यात रोज एकत्र चहा प्यायलो. साउंडर दोन तारांवाला, आकडे दाखवणारा पडदा माझ्या हातचा, पाच व्होल्टांवाला, आणि मध्ये दुभाष्या म्हणून तुझी ती साबणाची डबी. आत चिप इवलीशी, पण जोडकाम असं की घड्याळजीनं हात जोडावेत. कंपन्या तारांना ए आणि बी म्हणतात, पण एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी. म्हणून तू अक्षरांकडे पाहायचाच नाहीस. वहिनींच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका तारेच्या टोकावर, एक ठिपका स्क्रूवर. ठिपक्याला ठिपका. वहिनी ओरडायच्या, माझी बाटली बोटीला आणि मी बोडकी! मला वाटायचं, अक्षरं छापलेली असताना हे पोरखेळ कशाला.

आणखी एक आठवतंय का बघ. पडद्यावर काय दिसावं यावर आपण वाद घातला होता. तुझं म्हणणं, तीन सेकंदांत साउंडरची कळेल अशी खबर आली नाही, तर पडद्यावर आडव्या रेघा दिसाव्यात. माझं म्हणणं, रेघा दिसल्या की माणूस घाबरतो, शेवटचा आकडा तसाच राहू दे, धीर राहतो. तू म्हणालास, तो धीर खोटा असेल. मी म्हटलं, आपण धक्क्यावर धीरच विकतो. तुझ्या वहीतली ती ओळ मी तुला खोडायला लावली.

इथपर्यंत आलोच आहे, तर आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तो दिवस लिहितो. तुला पाठ आहे, तरी वाच, कारण तुला पाठ आहे तो दिवस आणि झाला तो दिवस एक नाहीत.

सकाळ स्वच्छ होती. बाहेरच्या बेटाला वळसा घालून परत यायचं ठरलं होतं. धक्का सुटला, पडद्यावर आकडे हलत होते, सहा, सात, साडेपाच मीटर. तू सुकाणूवर होतास, मी उगाच इकडून तिकडे. त्या येरझाऱ्यांत माझा पाय साउंडरच्या केबलमध्ये अडकला आणि दोन्ही तारा डबीतून उपटून आल्या. लाल ठिपक्याची तार टोकालाच तुटली, ठिपक्याचा तुकडा स्क्रूत राहिला. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, जोडतो. स्क्रू सैल करून तो तुकडा मी काढला. तांब्याची चिमूटही फेकायची नाही ही गरिबीतली सवय, म्हणून खिशात टाकला. आणि तारा जोडल्या. तारेवर ठिपका उरला नव्हता, म्हणून अक्षर पाहिलं. ए ला ए, बी ला बी. मग रिसीव्हर लावला. टर्र. एक सेकंद. टर्र. अगदी चोख. मी ओरडून सांगितलं, बोलतोय! पडद्यावर चार पूर्णांक दोन. थोड्या वेळानं तू म्हणालास, अरे, आकडा हलत नाही. मी म्हटलं, तळ सपाट असेल. तू म्हणालास, इतका सपाट? तारा एकदा बघून घेऊ का? आणि मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. म्हटलं, शंकासुरा, माझ्या कानानं ऐकलंय, आता तरी गप बस. तू गप बसलास. चार पूर्णांक दोनवर आपण खडकावर चढलो.

बोट फुटली ती फुटली, तुझं मनगट फळीखाली आलं. एका हातानं तू पंप मारत होतास, आणि मी देवाला आणि इंजिनाला आळीपाळीनं शिव्या देत होतो. मच्छीमारांनी ओढून धक्क्याला आणलं. शंभर माणसं जमली. कुणीतरी विचारलं, कानसेन, तुमच्या बोटीत खोली कळली नाही? मी म्हटलं, साउंडर बोलत होता, मी स्वतः ऐकला, डबीनं घात केला. डबी कुणाची हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू मनगट पोटाशी धरून उभा होतास. तू डबीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि एकच शब्द म्हणालास, असेल. सूर्य उगवला तरी घड्याळ पाहणारा माणूस तू. जगात कशावरही शंका घ्यायची सोडली नाहीस, पण माझ्या कानावर घेतली नाहीस.

पाचव्या दिवशी बोट शेडमध्ये आल्यावर मी डबी तपासायला बसलो. तुझी चूक कुठे ते शोधायला, हे लक्षात घे. साउंडरचा पाण्यातला भाग काढून पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडला. रिसीव्हरमध्ये टर्र. पडद्यावर काही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी खिशात हात घातला. कामाचे कपडे तेच होते, बोटीवरचे. तो तुकडा हाताला लागला. लाल ठिपका. कुठल्या तारेचा ते तुटक्या टोकाशी जुळवून पाहिलं, आणि लक्षात आलं की साउंडरच्या कंपनीचा ए हा तुझ्या चिपेचा बी आहे. तारा बदलल्या. आकडा आला, शून्य पूर्णांक नऊ. पिंपात काठी घालून मोजलं, बरोबर. भाग खाली सोडला, आकडा उतरला. वर उचलला, चढला. लहान मूल जिन्यावर खेळतं तसा. तुझी डबी पहिल्या दिवसापासून निर्दोष होती. मी तारा उलट्या जोडल्या होत्या, आणि उलट्या जोडल्या तर प्रत्येक होकाराचा नकार होतो, पडद्याला एक अक्षर कळत नाही, आणि तो बिचारा मी शिकवल्याप्रमाणे शेवटचा आकडा धरून बसतो. आणि कानाला? कानाला दोन्हीत काडीचाही फरक ऐकू येत नाही. सरळ टर्र आणि उलटी टर्र एकच. पंचवीस वर्षं ज्या कानावर मिशी पिळली, त्याला एवढं एक ऐकूच येत नव्हतं. ते फक्त बघून कळतं.

त्याच संध्याकाळी मी तुकडा घेऊन तुझ्याकडे आलो होतो. सांगायलाच आलो होतो, हे खरं मान किंवा नको मानूस. हात प्लास्टरमध्ये, आणि तू एका हातानं पुस्तकं खोक्यात भरत होतास. वहिनींनी चहा ठेवला. मी घसा साफ केला, तेवढ्यात तूच म्हणालास, बोट निम्मी तुझी होती, माझ्या डबीनं घालवली, जमलं तर माफ कर. मुठीत तो तुकडा टोचत होता. आणि मी, शंकासुरा, मी तुला माफ केलं. मोठ्या मनानं. तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, जाऊ दे रे, माणूस आहे, चुकतो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं माझा मोठेपणा पाहून. चहा संपवून मी घरी आलो. महिन्याच्या शेवटी तू त्या कचेरीतली कागद तपासायची नोकरी धरून गाव सोडलंस. निरोप द्यायला मी धक्क्यावरच्या चार लोकांसमोर तुला मिठीसुद्धा मारली.

का नाही सांगितलं? नऊ वर्षं या प्रश्नाला मी नवनवी उत्तरं करत आलोय. दुकानाची पत, कानाची कीर्ती, आज सांगू, पत्ता मिळाला की सांगू. खरं उत्तर एवढंच की पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं आणि नंतर रोज त्याहून अवघड होत गेलं. बोटीचं भोक मी पहिल्याच वर्षी बुजवलं, पण पाण्यात सोडली नाही, ताडपत्री घालून ठेवली. परवा हिला सगळं सांगितलं. ती पोळपाट तसाच सोडून खाली बसली. मग म्हणाली, नऊ वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावले, ते आता कुठे नेऊन ठेवू? मी म्हटलं, माझ्याकडे दे. म्हणाली, तुमच्याकडे जागा आहे का? आज तिसरा दिवस, जेवायला वाढते, पण ताटाकडे बघून.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी वहिनींचा फोन आला, तुला न कळवता. हळू आवाजात म्हणाल्या, भावोजी, हे निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून असतात. घरातला मिक्सर बंद पडला तरी हात लावत नाहीत, म्हणतात माझ्या हाताला यश नाही. सोल्डरिंगची पेटी माळ्यावर टाकलीय ती नऊ वर्षं उघडली नाही. तुम्ही एकदा सांगा ना त्यांना, झालं ते झालं म्हणून, तुमचं ते ऐकतील. मला पुन्हा एकदा तुला माफ करायला सांगत होत्या रे त्या. आणि तेवढ्यात मागून तू विचारलंस, कोण आहे? वहिनी म्हणाल्या, कुणी नाही, चुकीचा नंबर. फोन बंद झाला. नऊ वर्षांनी तुझे दोन शब्द ऐकले. आवाज तोच होता, ठणठणीत, कुणी म्हणेल माणूस मजेत आहे. पण माझ्या कानाला उलटं-सुलटं कळत नाही हे आता मला माहीत आहे. म्हणून हे लिहिलं. तुझ्या हाताला यश होतं, शंकासुरा, त्या दिवशीही होतं. बशीतल्या त्या तुकड्यावरचा ठिपका बघ, रंग अजून लाल आहे. धक्क्यावर ज्यांनी ज्यांनी तेव्हा ऐकलं, त्यांतले जे उरलेत त्यांना चहाच्या टपरीवर बोलावून मी काल सगळं सांगितलं. दोघं उठून गेले, बाकीच्यांनी तू कसा आहेस ते विचारलं. आपली बोट मंगळवारी पाण्यात सोडली, गळत नाही. डबी तीच आहे, आत हात घातलेला नाही. पडद्यात मात्र तुझ्या वहीतली ती खोडलेली ओळ परत घातली, हेडमास्तरांना शेजारी बसवून. साउंडरच्या दोन तारा मी जोडलेल्या नाहीत, टोकं साफ करून मोकळ्या ठेवल्यात. येशील तर तो तुकडा बरोबर आण आणि ठिपक्याला ठिपका तू जोड. मी रिसीव्हर लावणार नाही, तू बघ आणि मला सांग. तोपर्यंत रोज सकाळी बोटीवर जाऊन मी पडदा चालू करतो. त्यावर आडव्या रेघा येतात.

खिडकीजवळचं स्टूल राखून बसलेला,
तुझाच
कानसेन